कायरोप्रॅक्टरकडे पहिल्यांदा जाण्यापूर्वी काय विचारावे?

वेताळटेकडी (कोथरूड)

नमस्कार. पावसाळ्यापासून माझी कंबर दुखते आहे. वय 38, नोकरी हिंजवडीला आणि दिवसभर बसून करण्याची. चांदणी चौक ओलांडेपर्यंतच पाठ आखडते, आणि संध्याकाळी बसमधून उतरताना हाताने आधार घेतल्याशिवाय सरळ उभे राहता येत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी तपासले व एमआरआय करून घेतला. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी किंचित बाहेर आल्याचे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. दुखणे पायात उतरत नाही, मुंग्या किंवा बधिरपणाही नाही. शस्त्रक्रियेचा प्रश्नच नाही असे सांगून डॉक्टरांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली, पण कामाच्या वेळांमुळे ते सुरू करणे राहून गेले आहे.

आता कार्यालयातील एका मैत्रिणीने बाणेर भागातील एका कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हाताने मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याचे, नाव सुचवले आहे. तिला तेथे चांगला गुण आला. मी फोनवर चौकशी केली तेव्हा सांगण्यात आले की पहिल्याच दिवशी संपूर्ण कण्याचा एक्स-रे काढतात आणि कंबरेबरोबर मानेचेही मणके 'ॲडजस्ट' करतात. मोबाइलवर दिसणारे ते कटकट आवाजाचे व्हिडिओ पाहून मला धीर येण्याऐवजी धास्तीच वाटू लागली आहे. ही मंडळी डॉक्टर असतात का, तो आवाज कशाचा असतो, उपचार दुखतो का, किती वेळा जावे लागते, आणि माझी तक्रार कंबरेची असताना मानेला हात लावू द्यावा का, हे जाणकारांनी सांगावे. माझी आई 68 वर्षांची आहे, तिची हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेले आहे आणि हृदयाच्या त्रासासाठी ती रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. तिचीही मान सतत धरते, त्यामुळे 'मीही येते तुझ्याबरोबर' असे ती म्हणते आहे. तिला नेणे योग्य होईल का?

पर्वतीपायथा (फिजिओथेरपिस्ट)

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, कायरोप्रॅक्टर नाही, हे आधी स्पष्ट करते. कण्याच्या सांध्याला हलका, वेगवान झटका देण्याचे तंत्र आमच्याही क्षेत्रात वापरले जाते, त्यामुळे त्याचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा दोन्ही मी रोज जवळून पाहते.

डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट या गावी कायरोप्रॅक्टिक ही पद्धत सुरू केली. मणके जागचे जरासे हलले की मज्जातंतूंच्या कामात अडथळा येतो आणि बहुतेक आजारांचे मूळ त्यातच असते, अशी त्यांची धारणा होती. ही धारणा संशोधनात टिकलेली नाही. ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या नियामक परिषदेनेच 2010 मध्ये सांगितले की मणक्याच्या अशा सरकण्यामुळे आजार होतात, याला संशोधनाचा आधार नाही. म्हणून कोणी कंबरदुखीच्या बरोबरीने मधुमेह, थायरॉईड, दमा किंवा मुलांचे वारंवार होणारे सर्दी-खोकले कणा सरळ करून बरे करतो असे सांगत असेल, तर तेथून उठून यावे. आजचे अनेक सुशिक्षित कायरोप्रॅक्टर असा दावा करत नाहीत. ते कंबर, मान आणि सांधे यांच्या दुखण्यापुरतेच काम करतात, आणि त्यांच्याबद्दल माझा आक्षेप नाही.

डॉक्टर असतात का, या प्रश्नाचे उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकेत 'डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक' हा साधारण चार वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि व्यवसायासाठी राज्याचा परवाना लागतो, ब्रिटनमध्ये 1994 च्या कायद्याने नोंदणी बंधनकारक झाली. परंतु ही एमबीबीएससारखी पदवी नव्हे. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरांसाठी वैद्यक परिषदेसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे 'कायरोप्रॅक्टर' अशी पाटी लावणारी व्यक्ती परदेशातून रीतसर पदवी घेऊन आलेली असू शकते, मूळची फिजिओथेरपिस्ट असून नंतर अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेतलेली असू शकते, किंवा शरीरशास्त्र कधी वर्गात न शिकलेलीही असू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला या तिघांतला फरक कळत नाही, कारण टेबल तेच, झटका तोच आणि आवाजही तोच. म्हणून मूळ पदवी कोणती, ती कोठून घेतली आणि नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे, हे फोनवरच विचारावे. फिजिओथेरपिस्ट असल्यास महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा आणि एमबीबीएस असल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. खरा शिकलेला माणूस हा प्रश्न विचारल्याने दुखावत नाही.

तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटक्याने एकमेकांपासून दूर गेले की त्या द्रवातील दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये बोटांचे सांधे ओढले जात असताना एमआरआयने चित्रण केले, तेव्हा ही पोकळी बनताना प्रत्यक्ष दिसली. बोटे एकदा मोडल्यावर काही वेळ पुन्हा वाजत नाहीत, हा अनुभव सर्वांनाच आहे, आणि कण्याच्या सांध्यांचेही तसेच आहे. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला आणि नाही आला म्हणजे वाया गेला, असे नसते.

कंबरेच्या उपचारात बहुधा कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा दुमडून पलंगाच्या कडेबाहेर घेतात, खांदा हलकेच मागे धरतात आणि कंबरेला पिळ्याच्या शेवटच्या टोकाला नेऊन एक छोटा, वेगवान दाब देतात. काही ठिकाणी टेबलाचा एक भाग थोडा उचललेला असतो व दाब दिल्याबरोबर तो खट् करून खाली बसतो. काही जण स्प्रिंगचे हातात धरण्याचे उपकरण वापरतात. कळ अशी सहसा येत नाही, पण नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे नेहमीचे आहे. दाब देण्यापूर्वी त्या स्थितीत नेऊन थांबावे आणि 'येथे दुखते का, पायात काही जाणवते का' असे विचारावे, हा चांगल्या हाताचा शिरस्ता असतो. तुम्ही 'थांबा' म्हटल्यावर थांबले नाहीत, तर पुन्हा जाऊ नये.

आता उपयोग किती. साध्या, नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने 2017 च्या मार्गदर्शिकेत गोळ्यांच्या आधी शेक, मालिश, ॲक्युपंक्चर आणि कण्याचा असा उपचार यांचा विचार करण्यास सांगितले, परंतु या झटक्याच्या उपचारामागचा पुरावा कमी दर्जाचा असल्याचेही नमूद केले. ब्रिटनच्या 2016 च्या मार्गदर्शिकेत हाताने केलेले उपचार व्यायामाच्या जोडीनेच करावेत, एकटे नव्हे, असे म्हटले आहे. जुन्या कंबरदुखीत त्याचा परिणाम व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकाच, म्हणजे मध्यम किंवा त्याहूनही थोडा दिसतो. मैत्रिणीला गुण आला हे मी नाकारत नाही. मात्र बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपसूक उतरणीला लागते, हे लक्षात असू द्यावे. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घेत, आणि पुष्कळांना दोन-चार दिवसांत बरे वाटे. जे आपोआप बरे होणार असते त्याचे श्रेय शेवटी केलेल्या उपचाराला जाते. उपचार करणाऱ्यांनीही, म्हणजे माझ्यासकट सर्वांनी, हे मनाशी धरूनच काम केले पाहिजे.

तुमच्या एमआरआयबद्दल एक आवर्जून सांगते. 'मणक्यात गॅप आला', 'गादी सरकली' हे शब्द ऐकून माणूस वाकायलाही घाबरू लागतो. ज्यांना कधी पाठ दुखली नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात विशीतल्या साधारण 30 टक्के लोकांमध्ये गादी बाहेर आलेली दिसली आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण 84 टक्क्यांवर गेले. पायात कळ, मुंग्या किंवा अशक्तपणा नसताना किंचित बाहेर आलेली गादी हेच दुखण्याचे कारण आहे असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि झटका देऊन ती गादी कोणी आत ढकलत नाही. एमआरआय हातात असताना संपूर्ण कण्याचा एक्स-रे पुन्हा कशासाठी, हे तर अवश्य विचारा. साध्या कंबरदुखीत असा सरसकट एक्स-रे गरजेचा नसतो.

पद्मावतीकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पैशांची बाजू मी सांगतो, कारण माझ्या पत्नीच्या वेळी आम्हाला त्याचा मनस्ताप झाला. शहरातल्याच एका ठिकाणी पहिल्या भेटीत एक्स-रेवर लाल रेघा मारून 'तुमचा कणा वाकडा आहे, आता काही केले नाही तर पुढे चालणे अवघड होईल' असे सांगण्यात आले, आणि तिथल्या तिथे वर्षभराच्या भेटींचे पॅकेज पुढे केले गेले. आज पैसे भरल्यास सवलत, उद्या नाही. दुखणाऱ्या माणसाच्या मनात भीती घालून त्याच बैठकीत मोठी रक्कम मागणे मला अजूनही अत्यंत अनुचित वाटते. पत्नीला अर्ध्यावर बरे वाटू लागले, तेव्हा उरलेल्या भेटींचे पैसे परत मिळणार नाहीत असे उत्तर मिळाले. आगाऊ रक्कम घेतल्याची जी पावती होती, तिच्यावर भेटींची संख्याही लिहिलेली नव्हती.

म्हणून प्रत्येक भेटीचे पैसे त्या त्या वेळी द्यावेत, उपचाराच्या तपशिलासह पावती घ्यावी, आणि किती आठवड्यांत कोणता फरक अपेक्षित आहे हे पहिल्याच दिवशी लिहून मागावे. मेडिक्लेमचा भरवसा धरू नये. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. बाह्यरुग्ण उपचारांचे कलम तुमच्या पॉलिसीत असले, तरी त्यात कायरोप्रॅक्टरचे बिल बसते का, हे विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्यावे.

पवनाकाठ (चिंचवड)

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, आणि तोही येथे असावा असे वाटते. कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत असताना मी कंबरेसाठी परवानाधारक कायरोप्रॅक्टरकडे जात असे. त्या बाईंनी पहिल्या भेटीचा बराचसा वेळ केवळ विचारण्यात आणि तपासण्यात घालवला. पूर्वी कर्करोग झाला होता का, वजन कारण नसताना उतरले का, रात्री दुखण्याने जाग येते का, लघवीवर ताबा आहे का, हे सारे विचारून झाल्यावर पायांची ताकद आणि गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्या. त्यानंतर कोठे दाब देणार, का देणार आणि नको असल्यास दुसरा पर्याय काय, हे सांगून माझी सही घेतली. प्रत्येक भेटीच्या शेवटी एक व्यायाम शिकवत आणि पुढच्या वेळी तो करून दाखवायला लावत. दुखणे कमी झाल्यावर 'आता येण्याची गरज नाही' असे त्यांनीच सांगितले. मला खरा आराम पडला, आणि तो झटक्याने किती आणि व्यायामाने किती हे मी सांगू शकत नाही. चिंचवडला परतल्यावर कंबर पुन्हा धरली, तेव्हा तेच व्यायाम करून निभावले.

तेव्हा सरसकट सर्वांना वाईट म्हणू नये. ताईंनी जायचे ठरवले तर पहिल्या भेटीत तपासणीला किती वेळ दिला जातो हे पाहावे. दारातून टेबलावर आणि टेबलावरून काउंटरवर, असा कारभार दिसला तर समजून घ्यावे.

मुठाकाठ (मेंदूविकारतज्ज्ञ)

मानेविषयी आणि आईंविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मी देतो, कारण या दोन्ही गोष्टी माझ्या विषयाच्या आहेत.

मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात आणि कवटीत शिरण्याआधी सर्वांत वरच्या मणक्याभोवती वळण घेतात. मान जोरात व एकदम फिरवली गेली तर तेथे धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. ही गुंतागुंत विरळ आहे, हे मी आवर्जून सांगतो. शिवाय अशी चीर आधीच पडलेली असली की तिचे पहिले लक्षण बऱ्याचदा मानदुखी किंवा डोकेदुखी हेच असते, आणि तो रुग्ण नेमका मान दाखवायलाच जातो. त्यामुळे किती रुग्णांत झटक्यामुळे चीर पडली आणि किती रुग्णांत ती आधीच होती, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींचा निष्कर्ष एकच निघतो: पूर्वी कधी नव्हती अशी, अचानक सुरू झालेली, एका बाजूची तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी असेल तर मानेला झटका घेऊ नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान मोडून घेण्याची सवय पुष्कळांना आहे. तीही सोडावी, कारण तेथे तर कोणी काही तपासतच नाही.

ताई, तुमची तक्रार कंबरेची आहे. मानेला हात लावण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण मला दिसत नाही. 'फक्त कंबर, मान नाही' असे स्पष्ट सांगावे, आणि संमतीपत्रावर तसे लिहून मगच सही करावी. मानेच्या उपचारानंतर कोणालाही चक्कर, दोन दोन दिसणे, बोबडे बोलणे, गिळताना त्रास, चेहऱ्याची एक बाजू बधिर होणे किंवा चालताना तोल जाणे असे काही झाले, तर घरी जाऊन झोपू नये. 108 ला फोन करावा आणि पक्षाघाताचे उपचार होतात अशा रुग्णालयात तडक जावे, कारण गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

आईंना नेऊ नये. ठिसूळ हाडांवर वेगवान दाब दिल्यास मणका किंवा बरगडी मोडू शकते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे आत रक्तस्राव झाला तर तो लवकर थांबत नाही. या दोन्हींपैकी एक गोष्ट असली तरी मी नको म्हटले असते, आईंच्या बाबतीत तर दोन्ही एकत्र आहेत. गोळी बंद करून न्यावे असाही विचार करू नये. हृदयविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती एक दिवसही चुकवू नये. त्यांच्या मानेसाठी शेक, उशीची योग्य उंची आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळुवार व्यायाम इतके पुरेसे ठरण्याची शक्यता आहे. मानेबरोबर हातांत मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असतील किंवा चाल अडखळत असेल, तर मात्र आधी आमच्यासारख्या कोणाला दाखवावे. संधिवाताच्या, विशेषतः आमवाताच्या रुग्णांनाही हेच लागू आहे, कारण त्यांच्यात मानेचे वरचे सांधे सैल झालेले असू शकतात.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे मणक्याचा क्षयरोग. संध्याकाळी येणारा बारीक ताप, भूक मंदावणे, वजन उतरणे आणि विश्रांती घेऊनही वाढतच जाणारी पाठदुखी असेल, तर तो मणका आतून पोखरला गेलेला असू शकतो, आणि अशा मणक्याला झटका देणे धोक्याचे आहे. वेळेत निदान झाले तर क्षयरोग औषधांनी बरा होतो, आणि सरकारी कार्यक्रमात ती औषधे विनामूल्य मिळतात. लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायातली ताकद वेगाने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. ही मज्जातंतूंवर दाब आल्याची लक्षणे आहेत, आणि तो दाब काही तासांतच कायमचे नुकसान करू लागतो.

वेताळटेकडी (कोथरूड)

सर्वांचे मनापासून आभार. आईला नेणार नाही. डॉक्टरांचे उत्तर तिला वाचून दाखवले आणि तिलाही ते पटले. मी त्या ठिकाणी पुन्हा फोन केला. पदवी विचारली तेव्हा 'आमचे सर अनुभवी आहेत' एवढेच उत्तर मिळाले, आणि फक्त कंबरेचाच उपचार हवा असे सांगितल्यावर 'आमच्या पद्धतीत तसे होत नाही' असे सांगण्यात आले. त्यामुळे तेथे जाण्याचा विचार सोडला आहे. आधी फिजिओथेरपी सुरू करते. पर्वतीपायथा यांना एकच विचारायचे आहे: ती वेळ मिळेपर्यंत घरी आणि कार्यालयात काय करावे, आणि उपचार सुरू झाल्यावर किती दिवस वाट पाहावी?

पर्वतीपायथा (फिजिओथेरपिस्ट)

अंथरुणाला खिळून राहू नका. सपाट रस्त्यावर रोज चाला, आरंभी दहा मिनिटे, आणि दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले नाही तर हळूहळू वाढवा. टेकडीचा चढ तूर्त नको. कार्यालयात अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे उभे राहा, फोनवरची बोलणी चालत चालत करा. कंपनीच्या बसमध्ये मागच्या चाकावरची जागा टाळा, तेथे खड्ड्यांचे हादरे सर्वांत जास्त बसतात. पुढे किंवा मधोमध बसा आणि कंबरेच्या खोबणीत टॉवेलची गुंडाळी ठेवा. शेकाने बरे वाटत असेल तर दिवसातून दोनदा शेका. कंबरेचा पट्टा दिवसभर बांधून ठेवू नका, फार तर प्रवासापुरता वापरा.

पहिल्या भेटीला एमआरआयचा लेखी रिपोर्ट, हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या. दोन ते चार आठवड्यांत बसण्याचा वेळ वाढला का, सकाळचा ताठरपणा कमी झाला का, हे पाहा. फरक पडत नसेल तर तोच उपचार पुढे रेटू नका. हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा, आणि रात्रीची झोप मोडू लागली किंवा दुखणे पायात उतरू लागले तर त्याआधीच दाखवा. झटक्याचा उपचार करून पाहावा असे पुढे वाटले, तर तोही नोंदणी असलेल्या हातून, कंबरेपुरता आणि व्यायाम चालू ठेवून करता येईल.